कालानुरूप दिवे

३ फेब्रुवारी

चि. दिवट्यास आशीर्वाद.

तुझ्या बापाने लहानपणी चिडून ठेवलेलं हे नाव तू इतकं मनावर घेशील आणि मोठेपणी रस्त्यावरच्या दिव्यांच्याच कामाला लागशील असं कुणाला वाटलं होतं? फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू नुसतं हं हं करतोस. कागदावर माणसाला पळता येत नाही.

तर बातमी अशी की तुमच्या वारसा समितीची दोन माणसं काल आमच्या उतरत्या गल्लीत आली होती. हातात छापील कागद. ‘आमच्या जुन्या वस्तीत कालानुरूप दिवे बसवण्यास आमची संमती आहे.’ खाली सचिव म्हणून तुझी सही. मी तिथल्या तिथे पहिली सही ठोकली आणि कागद घेऊन स्वतः घरोघर फिरले. सलूनवाला म्हणाला, वाचून देतो. मी म्हटलं, वाचायचं काय त्यात, माझ्या भाच्याचा कागद आहे. सगळ्या गल्लीने सह्या दिल्या. तळमजल्यावरची ती सासू-सून एरवी एका कपात चहा पीत नाहीत, त्यांनीसुद्धा एकाच पेनाने दिल्या.

इथल्या ट्यूबची दशा तुला सांगायला नको. एक लुकलुकते, दुसरी लुकलुकतही नाही. बाकीच्यांचं चालून जातं रे, माझं जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, मंद उजेडात तुम्हाला दिसणार नाही, भरपूर पांढरा उजेड असेल तर अजून काही वर्षं निभावेल. थिएटरच्या तिकीटखिडकीत माझ्या डोक्यावर चांगला दिवा आहे, तिथे अडत नाही. अडतं ते फक्त घरापासून खाली थिएटरपर्यंतच्या पायऱ्यांवर. दगडी पायऱ्या, एक उंच तर एक बुटकी. तुझा बाप दर आठवड्याला फोन करून म्हणतो, खिडकी सोड आणि आमच्याकडे ये. मी म्हणते, दिवे येताहेत, थांब.

चला, अखेर दिवे लावलेस, आणि पहिल्यांदाच हे मी कौतुकाने म्हणतेय.

तुझी आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र मी कचेरीत दोघातिघांना वाचून दाखवलं. संपूर्ण संमती देणारी तुमची गल्ली पहिलीच. बाकी गल्ल्यांत आम्ही उंबरे झिजवतोय आणि तू एका दिवसात काम फत्ते केलंस. आमचे अध्यक्ष म्हणाले, तुमच्या आत्यांना समितीवर घ्या.

दिव्याची निवड सोपी नव्हती. तीन नमुने आले होते. पहिल्याचा खांब जाड, दुसऱ्याची काच फार उघडी. तिसरा सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. चौकोनी कंदील, ओतीव लोखंड, भिंतीतून हंसाच्या मानेसारखी निघालेली दांडी, दुधी काच आणि आत मधासारखा पिवळसर उजेड. रंगावरून दोन बैठका भांडणात गेल्या. अध्यक्षांना काळा हवा होता, वास्तुरचनाकार बाईंना गर्द हिरवा. शेवटी असा हिरवा ठरला की तो काळाच दिसतो. टोपणावरच्या शोभेच्या बोंडाचं मी नाव काढत नाही, त्यावर तर एकाने राजीनामा देऊ केला. सोबत माझ्या हातचं चित्र पाठवतोय. नमुन्याचा पहिला दिवा तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी बसेल, हा मान तुमचा.

डोळ्यांना जप. काम सुरू झालं की गल्लीत खोदाखोद होईल, तेव्हा बाबा म्हणतात तसं थोडे दिवस आमच्याकडे येऊन राहा.

तुझा भाचा


२ मार्च

दिवट्या,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच.

तुझा दिवा बसला. सलूनच्या वर, भिंतीला, त्या लुकलुकत्या ट्यूबच्या जागी. संध्याकाळी लावला तेव्हा आम्ही सगळे माना वर करून उभे होतो. पेटला. आम्ही वाट पाहिली की आता उजेड पडेल. तो पडला नाही. दिवा दिसतो, त्याची काच दिसते, तुमचं ते भांडणाचं बोंडही दिसतं. पायरी दिसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ते आजवर मी बोलण्यापुरतंच ऐकलं होतं. सलूनवाला म्हणाला, दिव्याला बघायला आता दुसरा दिवा लावावा लागेल.

तुमच्या माणसाला विचारलं, अरे, पुढचा मोठा दिवा कधी आणणार? तर म्हणाला, आजी, हाच तो. सगळे असेच येणार, जुन्या ट्यूब निघणार. तुम्हीच ना सही केलीत कालानुरूप दिव्यांना?

मला सांग, कालानुरूप म्हणजे काय? मी सगळ्या गल्लीला विचारलं. सगळे एकच सांगतात, काळ बदलतो तसं बदललेलं, आजच्या काळाला साजेसं. आम्हाला वाटलं, नवे येणार. लख्ख येणार. आणि तू आमच्या माथी हा मधाचा बुधला मारलास. मी दारोदार जाऊन सह्या घेतल्या, माझ्या तोंडाकडे बघून लोकांनी दिल्या. आता मला बघितलं की सलूनवाला दुकानाचं दार ओढून घेतो.

काल खिडकीवर जायला निघाले आणि वरच्याच पायरीवर उभी राहिले. खाली नुसतं काळं. समोरच्या चपला शिवणाऱ्याने दुकानातून उठून माझं कोपर धरलं आणि खालपर्यंत नेलं. भला माणूस आहे. मी त्याचे आभार मानले आणि खिडकीत बसून रागाने रडले. एवढं वय झालं, आजवर मला कुणी हाताला धरून कामावर नेलेलं नाही.

हा दिवा काढ. बाकीचे आणू नकोस.

आत्या


१० मार्च

ती. आत्यास,

तू चिडलीस हे मी समजू शकतो. पण शब्दाबद्दल तुझा गैरसमज झालाय. आमच्या क्षेत्रात कालानुरूप म्हणजे त्या काळाला अनुरूप, वस्ती ज्या काळची त्या काळच्या धाटणीचं. मसुद्यात मी आधी ‘तत्कालीन’ लिहिलं होतं. आमच्या खात्याचे साहेब म्हणाले, फार जड वाटतं, लोक बिचकतील. म्हणून सोपा शब्द घातला. यात फसवणूक कुठे आली?

आणि जरा डोळे उघडून बघ म्हणजे (रागावू नकोस, बोलण्याची पद्धत आहे) शेजारच्या नव्या वस्तीतला पांढरा उजेड किती भगभगीत दिसतो. रस्ता की दवाखाना कळत नाही. तुमच्या दगडी भिंतींवर तो पिवळा उजेड किती शोभेल याचा तू विचारच केला नाहीस. लोक लांबून बघायला येतील.

तुझ्या डोळ्यांचं मला माहीत आहे. पण निवडीच्या निकषांत रहिवाशांच्या डोळ्यांचा रकाना नसतो, तो मी कुठून आणू? आणि खरं सांगू का, ती खिडकी तू जन्मभर थोडीच चालवणार आहेस. बाबांनी तुझी खोली रंगवून घेतलीय, पलंगही आलाय. इथे लिफ्ट आहे, पायरी म्हणून नाही. जे होतं ते कधीकधी भल्यासाठीच होतं.

तुझा भाचा


१५ मार्च

सचिव, वारसा समिती, यांस,

माझी खोली रंगवून झाली हे मला तुमच्या पत्रातून कळलं. पलंगही आला. आता मी तेवढी यायची राहिले आहे, आणि त्या कामाला दिवा लावलात. तू आणि तुझ्या बापाने मिळून हे ठरवलंत असं मी म्हणत नाही. तुमच्यात एवढी अक्कल असती तर दुसरं काहीतरी ठरवलं असतंत. पण दिव्याने आत्याचे पाय बांधले जाणार हे तुला माहीत होतं आणि तू सही केलीस. याला भलं म्हणायचं असेल तर ते तुझ्याजवळ ठेव.

गल्लीचा अर्ज तुमच्या समितीकडे रवाना केला आहे, त्याची ही आगाऊ वर्दी. संमती मागे घेतो असं त्यात लिहिलं असेल म्हणून तू निर्धास्त असशील. तसं लिहिलेलं नाही. आम्ही संमती मागे घेत नाही. आम्ही कालानुरूप दिव्यांना संमती दिली, समितीने कालानुरूप दिवे मंजूर केले. आम्हाला कालानुरूप दिवे हवेत. जुन्या काळचे कुणी मागितले होते?

सुनावणीला सगळी गल्ली येते आहे. सलून त्या दिवशी बंद.

उतरत्या गल्लीतली एक रहिवासी


२६ मार्च

आत्या,

हात जोडतो, सुनावणीला येऊ नकोस. तुझा अर्ज आला आणि कचेरीत माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो शब्द सगळ्या जुन्या वस्तीच्या मंजुरीत आहे. तो तुमच्या गल्लीत पडला तर सगळीकडे पडेल, आणि पहिला प्रश्न येईल की मसुदा कुणी लिहिला. मी लिहिला. पुढच्या महिन्यात माझ्या बढतीचा विचार होणार आहे. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतोय.

मी एक तोड काढलीय. तुझ्या एकटीच्या दारापासून थिएटरपर्यंत खालच्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाहीत असे छोटे पांढरे दिवे बसवून देतो. दुरुस्तीच्या नावाखाली होऊन जाईल. समितीलाही कळणार नाही आणि तुझंही काम होईल. अर्ज तेवढा मागे घे.

आणि खोलीचं तू मनाला लावून घेतलंस. बाबांना तुझी काळजी वाटते, एवढंच त्यात आहे.

भाचा


३० मार्च

दिवट्या,

नाव परत दिलंय, कारण काहीही झालं तरी तू आमच्याच घरातला.

बढतीचं वाचून बरं वाटलं आणि वाईटही. पण माझ्या एकटीच्या पायाशी चोरून दिवे लावायचे आणि ज्यांच्याकडून मी सह्या आणल्या त्यांनी अंधारात बसायचं? उद्या सलूनवाल्याच्या बायकोने विचारलं, हे तुमच्याच दारात कसे, तर काय सांगू? माझा भाचा साहेब आहे म्हणून? मी नाटकाची तिकिटं विकते रे, पण माझ्या ओळखीच्या माणसालासुद्धा मागच्या दाराने आत सोडत नाही.

सुनावणीला येणार. तूही ये. लपून बसू नकोस.

आत्या


१२ एप्रिल

चि. दिवट्यास,

तुझी खुर्ची रिकामी होती. सचिव रजेवर आहेत असं सांगितलं. ताप आला म्हणे. उतरला का?

तू नव्हतास म्हणून काय घडलं ते सांगते, नाहीतर साहेब लोक आपल्या सोयीचं लिहितील. अध्यक्ष आले, माणूस सभ्य आहे, माझ्यासाठी खुर्ची स्वतः ओढली. बोलायला उभे राहिले, समोर नवाकोरा ध्वनिक्षेपक. म्हणाले, ‘आमच्या कामकाजातही आम्ही कालानुरूप बदल केले आहेत. आता मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना स्पष्ट ऐकू जाईल.’ मागून सलूनवाला म्हणाला, ‘साहेब, स्पष्ट ऐकू आलं. पण कालानुरूप म्हणजे कर्णा आणायला हवा होता ना?’

सगळी गल्ली हसली, ती सासू-सून एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. अध्यक्षांनाही हसू आलं आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. तोंड बघण्यासारखं झालं होतं. वास्तुरचनाकार बाई घाईघाईने म्हणाल्या, शास्त्रात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. मी म्हटलं, असेल बाई, पण सही आम्ही शास्त्रात केली नाही, दारात उभं राहून केली.

शेवटी ठरलं असं, की ज्याने मसुदा लिहिला त्याने लेखी सांगायचं, रहिवाशांना दिवे जुन्या धाटणीचे असतील हे सही घेताना सांगितलं होतं की नाही. तो जे लिहील त्यावर निर्णय. म्हणजे सगळं फिरून तुझ्यापाशी आलं. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. तू लहान नाहीस.

आणखी एक. सुनावणीहून आलो तशी गल्लीतल्या प्रत्येक घराने आपापल्या दाराबाहेर एकेक बल्ब टांगला. नुसता बल्ब, वायर लोंबती, कुणाचा खिडकीला तर कुणाचा कपड्यांच्या दोरीला. दिसतं भयंकर. तुमचा तो मधाचा दिवा त्यात लाजून चूर झालाय. तुमच्या खात्याचा माणूस येऊन वस्तीची शोभा बिघडवल्याच्या नोटिसा देऊन गेला. आम्ही त्या बल्बच्या बाजूलाच लावल्यात, वाचायला उजेड चांगला आहे. मी रोज संध्याकाळी त्या उजेडात एकटी पायऱ्या उतरते. नोटीस माझ्याही दारावर आहे. बल्ब काढायचा असेल तर ज्याची सही आहे त्याने स्वतः येऊन काढावा.

तुझी आत्या


६ मे

ती. आत्यास,

ताप आला नव्हता. ते तुलाही माहीत आहे.

उत्तर लिहायला फार दिवस घेतले. पहिला मसुदा केला तो इतका गुळगुळीत होता की त्यात हो पण बसत होतं आणि नाही पण. साहेबांना तो फार आवडला. घरी नेला. जेवताना बाबांनी विचारलं, तिचं काय ठरलं, पलंगावरचं प्लास्टिक काढू का? मी म्हटलं, बाबा, ती येणार नाही. ते म्हणाले, दिवे लागले की येईल. आत्या, ते वाईट मनाने बोलले नाहीत. अगदी प्रेमाने बोलले. पण तेच वाक्य मी मनात कितीदा म्हटलं होतं ते मला ऐकू आलं. मी तिथेच सांगितलं की खोली भाड्याने द्या, नाहीतर तुम्ही त्या पलंगावर झोपा. बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मसुदा फाडला आणि सरळ लिहून दिलं. शब्द माझा. लोक बिचकू नयेत म्हणूनच तो घातला होता. जुन्या धाटणीबद्दल रहिवाशांना काहीही सांगितलं नव्हतं. त्यांनी आजच्या काळच्या दिव्यांना संमती दिली आहे आणि ती तशीच धरावी.

बढती गेली. माझी सांडपाणी विभागात बदली झाली. साहेब म्हणाले, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. मी म्हटलं, आधी तो आत्याच्या पायावर होता. हे बोलल्यावर बरं वाटलं, घरी आल्यावर भीती वाटली.

जाण्याआधी तुमच्या गल्लीचा नवा प्रस्ताव मीच तयार केला. साधा भिंतीवरचा दिवा. बोंड नाही, हंस नाही. पांढरा उजेड, वर आकाशात नाही, खाली पायऱ्यांवर. समितीने मान्य केला. वास्तुरचनाकार बाई एवढंच म्हणाल्या की निदान रंग हिरवा ठेवा. ठेवला.

निकषांत एक ओळ वाढवून आलोय. नमुना मंजूर करण्याआधी त्या गल्लीतल्या सगळ्यात कमी दिसणाऱ्या माणसाला त्या उजेडात चालवून बघावं. ती पुसली जाईल की राहील, सांगता येत नाही.

तुझा दिवटा


२१ जून

चि. दिवट्यास अनेक आशीर्वाद.

दिवे लागले. लख्ख. प्रत्येक पायरीची कड दिसते. शेवाळं दिसतं, पानाची पिचकारी दिसते, आणि ती कुणाची तेही आता सगळ्यांना कळतं, त्यामुळे भांडणं वाढली आहेत. बल्ब उतरवले. नोटिसा मात्र लोकांनी काढल्या नाहीत, अभिमानाने ठेवल्यात.

सांडपाण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्या खात्यात शब्द कमी लागतात, तुला मानवेल. सलूनवाला म्हणाला, साहेबांना सांगा, केस कापायला या, बसायला पहिली खुर्ची. त्याने इतकं बोलणं म्हणजे तुला पदवी मिळाली असं समज.

डोळ्यांचं खरं ते तुला सांगते. डॉक्टर म्हणतात, हळूहळू कमी होत जाणार. एक दिवस या दिव्यांतही दिसणार नाही. तो दिवस आला की मी सांगेन. बापाला कळव, खोली रंगव, पलंग आण, असं मी म्हणेन तेव्हा करायचं. तोवर कुणी माझ्या वतीने अंधार करायचा नाही.

आणि हे ऐक. परवा तुझा बाप आला. न कळवता, मोठी रिकामी बॅग घेऊन. म्हणाला, खूप झालं, बांध सामान, तू पडलीस तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. मलाही भरून आलं, खोटं नाही सांगत. मी त्याला चहा दिला. तेवढ्यात बाहेर दिवे लागले. मी पर्स घेतली, चपला घातल्या आणि म्हटलं, दादा, माझी कामाची वेळ झाली. तो वरच्या पायरीवर येऊन उभा राहिला. मी उतरत गेले. मागे वळून पाहिलं नाही, पण त्याचं लक्ष माझ्या पावलांवर होतं हे मला पाठीला कळत होतं. खालपर्यंत गेले, कुलूप काढलं, खिडकी उघडली.

थोड्या वेळाने बघते तर समोर हाच. बॅग तशीच हातात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, एक तिकीट दे. मागे लोक उभे होते, कुरकुर सुरू झाली होती.

मी म्हटलं, दादा, रांग तिकडून आहे.

गेला. शेवटी जाऊन उभा राहिला.

तुझी आत्या